फुफ्फुसांतला रक्तदाब : दंडाच्या पट्ट्याला न कळणारे दुखणे

‘बीपी’ हा शब्द आता आपल्या प्रत्येक घरात पोचला आहे. कुणाचे बीपी वाढले, कुणाचे उतरले, कुणाला गोळी सुरू झाली, याची चर्चा पारावर होते तशी विहारातही होते. परंतु आपण ज्याला बीपी म्हणतो तो दंडाला पट्टा बांधून मोजलेला, सर्व अंगाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांमधला दाब असतो. त्याच हृदयातून रक्ताची दुसरी वाट फुफ्फुसांकडे जाते. त्या वाटेवरही दाब असतो आणि तोही वाढू शकतो. तो वाढला तरी दंडावरचा पट्टा काही सांगत नाही. पट्टा म्हणतो, बीपी बरोबर आहे. माणूस मात्र दहा पावले चालला की धापा टाकतो.

या आजाराला डॉक्टरमंडळी ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ म्हणतात. आपण साध्या भाषेत फुफ्फुसांतला उच्च रक्तदाब म्हणू. नाव परके असले तरी आजार परका नाही. चुलीपुढे जन्म घालवलेल्या मातांमध्ये, ऊसतोडीवरून परतलेल्या मजुरांमध्ये, लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेल्या लेकी-सुनांमध्ये तो असतो. बहुतेक वेळा त्याला त्याच्या नावाने कुणी ओळखत नाही एवढेच.

दोन वाटा, दोन पंप

माकणीच्या माणसाला पाण्याची उपमा लगेच कळते. निम्न तेरणा धरणाच्या काठावर राहणाऱ्यांना मोटर आणि पाइपलाइन समजावून सांगायला नको. आपले हृदय म्हणजे एका घरात बसवलेल्या दोन मोटरी. डावी मोटर ताकदीची. ती डोक्यापासून पायापर्यंत रक्त ढकलते. उजवी मोटर हलकी. अंगभर फिरून आलेले, प्राणवायू संपलेले रक्त तिला फक्त शेजारच्या फुफ्फुसांत पोचवायचे असते. अंतर थोडे आणि वाट मोकळी, म्हणून निसर्गाने तिची भिंतही पातळ ठेवली आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयातून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त जाते आणि ते सगळेच्या सगळे फुफ्फुसांतून फिरून येते.

दंडावरचा दाब १२०/८० असतो, तेव्हा फुफ्फुसांच्या मुख्य नळीतला दाब साधारण २५/१० असतो. त्याची सरासरी सुमारे १४ येते. ही सरासरी २० च्या वर गेली की दाब वाढला असे आता मानतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती. २०१८ साली फ्रान्समधील नीस शहरात तज्ज्ञांची जागतिक परिषद भरली, तिच्यात ती खाली आणण्याचे ठरले. कारण २० च्या पुढच्या दाबानेही माणसाचे नुकसान होते, हे तोवर ध्यानात आले होते.

आता समजा, पाइपलाइन आतून क्षारांनी भरत आली. पाणी तेवढेच ढकलायचे, पण वाट अरुंद. मोटर तापते, आवाज करते आणि एके दिवशी जळते. फुफ्फुसांच्या बारीक रक्तनळ्या आकसल्या, जाड झाल्या किंवा गुठळ्यांनी बुजल्या की उजव्या हृदयाचे असेच होते. पातळ भिंत आधी जाड होते. पुढे हृदय फुगते आणि शेवटी थकते. मागे तुंबलेले रक्त पायात, यकृतात व पोटात पाणी साचवते. म्हणून दुखणे फुफ्फुसांचे असले तरी सूज पायावर दिसते.

चुलीचा धूर आणि डॉ. पद्मावती

आपल्या देशात या प्रश्नाकडे फार लवकर लक्ष वेधणाऱ्या एक स्त्री-डॉक्टर होत्या, हे आपल्या भगिनींना ठाऊक असावे. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती त्यांचे नाव. जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला. २०२० मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी कोरोनाने त्यांचे निधन झाले. फुफ्फुसांच्या जुन्या विकारामुळे उजवे हृदय फुगलेल्या दिल्लीच्या १२७ रुग्णांचा अभ्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९५९ साली अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. इथे मात्र बायकाही मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी विडी ओढलेली नव्हती. डॉ. पद्मावतींनी बोट दाखवले ते शेणाच्या गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीकडे.

आपल्या भागात चुलीत काय जाते, ते आपण जाणतोच. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, सोयाबीनचे भुसकट, जे हाताला लागेल ते. स्वयंपाकाची खोली लहान, खिडकी नाही, पावसाळ्यात सरपण ओले. फुंकणीने फुंकर घालणारी बाई तो धूर अगदी जवळून छातीत घेते. एक-दोन वर्षे नव्हे, तीस-चाळीस वर्षे. पदराला धरून बसलेले लेकरूही तोच धूर घेते.

धुरापासून दाबापर्यंत गोष्ट कशी जाते, तेही समजून घेण्यासारखे आहे. रानात दारे धरताना ज्या वाफ्याला पाणी द्यायचे नाही, त्याचे तोंड आपण मातीने बुजवतो. फुफ्फुसही तसेच करते. ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तनळ्या ते आवळून घेते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवते. ही शहाणी व्यवस्था आहे. परंतु धुराने सगळ्या फुफ्फुसाचीच नासाडी केली, तर सगळ्याच वाफ्यांची तोंडे बुजतात. मग पाणी जाणार कुठे? दाब चढत जातो.

विडी-सिगारेट, कारखान्यातली व खडी-केंद्रावरची दगडाची धूळ, क्षयरोग बरा झाल्यावरही फुफ्फुसांत मागे राहिलेले व्रण, या सर्वांची वाट हीच आहे. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइलही निरुपद्रवी नाही. तिच्याऐवजी मच्छरदाणी बरी.

बाकीची कारणे

धूर हे एकच कारण नव्हे. जगभर पाहिले तर फुफ्फुसांतला दाब वाढण्याचे सर्वांत मोठे कारण डाव्या हृदयाचे आजार हे आहे. डावी मोटर पुढे पाणी काढीना, की मागे फुफ्फुसांत तुंबते. आपल्याकडे यात गरिबीचा खास वाटा आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो. त्याकडे दुर्लक्ष होते. काही आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे एकामागून एक दुखतात. हाच संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप कायमची दुखावते. ऐन तारुण्यात, पुष्कळदा पहिल्या गरोदरपणात, तिला दम लागू लागतो. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळालेली औषधे हे या रोगाचे खरे खतपाणी आहे. घशाच्या जंतुदोषाला वेळेवर पेनिसिलीन दिले तर हा ताप टळतो. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे लांब मुदतीचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकवू नये. अरुंद झालेली झडप अनेकदा फुग्याने रुंद करता येते. त्यासाठी छाती उघडावी लागत नाही.

दुसरे कारण हृदयातील जन्मजात छिद्र. छिद्रातून जादा रक्त फुफ्फुसांत घुसत राहते आणि तिथल्या नळ्या जाड होतात. वेळेवर छिद्र बंद केले तर मूल धडधाकट होते. उशीर झाला तर दाब इतका चढतो की रक्ताची दिशाच उलटते. ओठ व नखे निळी पडतात आणि मग छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. म्हणजे जे ऑपरेशन दोन वर्षांच्या बाळाला जीवदान देते, तेच वीस वर्षांच्या मुलाला करता येत नाही. ‘मोठा झाला की बघू’ हे वाक्य इथे जीव घेते.

तिसरे कारण रक्ताच्या गुठळ्या. मांडीचे हाड मोडून अंथरुणावर पडलेला माणूस किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई यांच्या पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसांत जाऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली आणि पाठोपाठ एकाएकी दम लागला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

चौथे कारण सिकलसेल. मराठवाड्यात तो कमी ऐकू येतो, परंतु विदर्भातील आपल्या बौद्ध बांधवांमध्ये आणि आदिवासींमध्ये तो पुष्कळ आढळतो, आणि आपल्या सोयरिकी दूरवर असतात. या आजाराच्या मोठ्या माणसांमध्ये फुफ्फुसांचा दाब वाढण्याचा धोका असतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यात तपासणी होते. लग्न जुळवताना पत्रिका पाहण्याची प्रथा आपण सोडली. त्या जागी रक्ताची ही चाचणी पाहावी.

याखेरीज कातडी कडक करणारे काही वातविकार, एचआयव्ही आणि वजन उतरवण्याची काही औषधे यांनीही हा दाब वाढतो. काहींना तर कोणत्याही कारणाशिवाय होतो, विशेषतः तरुण स्त्रियांना. १९८१ साली स्पेनमध्ये औद्योगिक वापरासाठी असलेले भेसळीचे तेल खाद्यतेल म्हणून विकले गेले. हजारो लोक आजारी पडले, शेकडो दगावले आणि वाचलेल्यांपैकी काहींना हा आजार जडला. त्या दुर्घटनेतील एका बालकाच्या मृत्यूची आठवण म्हणून ५ मे हा या आजाराचा जागतिक दिवस पाळला जातो. सुट्या तेलाच्या स्वस्ताईला भुलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अशक्तपणा की आजार?

या रोगाची सुरुवात गुपचूप होते. चढावर दम लागतो. पाण्याची घागर उचलली की छाती भरून येते. पुढे सपाट रस्त्यावरही थांबावे लागते. छातीत धडधड, कामाच्या भरात चक्कर किंवा शुद्ध हरपणे, पायावर सूज, पोट फुगणे, ओठ निळसर होणे ही पुढची लक्षणे.

अशा बाईला गावात काय ऐकावे लागते? ‘अशक्तपणा हाय, एक सलाईन लावून घे.’ ‘कामाचा कंटाळा करती.’ आणि चक्कर येऊन पडलीच तर ‘बाहेरचं हाय, देवऋष्याकडं न्या.’ या तिन्ही गोष्टी तिचे नुकसान करतात. पायावर सूज असलेल्या रुग्णाला ताकदीचे म्हणून सलाईन चढवणे म्हणजे तुंबलेल्या पाइपात आणखी पाणी ढकलणे होय. कामचुकार म्हटल्याने ती सांगायचेच बंद करते. आणि लिंबू-नारळाने महिने निघून जातात. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण दरवर्षी म्हणतो. अंगात येण्याच्या नावाखाली आजारी बाईला दवाखान्यापासून दूर ठेवणे, हे त्यांत कुठेही बसत नाही.

मात्र उगीच घाबरूनही जाऊ नये. दम लागणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणे हे दम लागण्याचे फार मोठे कारण आहे. म्हणून आधी रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. ते ठीक असून, किंवा गोळ्या घेऊन सुधारूनही दम जात नसेल, तर पुढची तपासणी मागावी. ‘बीपी नॉर्मल आहे’ एवढ्या उत्तरावर उठून येऊ नये.

पुढची तपासणी म्हणजे बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र, छातीचा फोटो, ईसीजी आणि मुख्य म्हणजे टू-डी इको. इकोमध्ये सुई नाही, वेदना नाही. आवाजाच्या लहरींनी हृदयाचे चालते चित्र दिसते आणि फुफ्फुसांतल्या दाबाचा अंदाज येतो. पक्के निदान करायचे तर बारीक नळी शिरेतून उजव्या हृदयापर्यंत नेऊन दाब प्रत्यक्ष मोजतात. ही युक्ती १९२९ साली जर्मनीत डॉ. व्हेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून स्वतःच्याच हृदयात नळी घालून सिद्ध केली. तेव्हा त्यांना वेड्यात काढले गेले. १९५६ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

उपचार आणि एक महत्त्वाचा इशारा

उपचार कारणावर अवलंबून असतात. झडप बिघडली असेल तर झडपेचा इलाज, छिद्र असेल तर वेळीच ऑपरेशन, गुठळ्या असतील तर रक्त पातळ ठेवणारी औषधे व काही रुग्णांत शस्त्रक्रिया. फुफ्फुसे धुराने खराब झाली असतील तर धूर बंद करणे, श्वासाचे पंप आणि गरज पडल्यास घरी ऑक्सिजन. सूज उतरवायला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात. मीठ कमी करावे लागते. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे यांतही मीठच असते.

ज्यांच्या फुफ्फुसांतल्या नळ्यांनाच रोग आहे, त्यांच्यासाठी वेगळी औषधे आहेत. त्यात सिल्डेनाफिल हे मुख्य. हे औषध पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेसाठी १९९८ पासून प्रसिद्ध झाले. फुफ्फुसांच्या या आजारासाठी त्याला २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हे सांगण्याचे कारण असे की, चिठ्ठीवर ते नाव पाहून मेडिकलवाला हसतो, नवरा रागावतो आणि बाई गोळी टाकून देते. लाजण्याचे काहीही कारण नाही. ही गोळी तिच्या फुफ्फुसांसाठी आहे.

इशारा असा. सिल्डेनाफिल घेणाऱ्याने छातीत दुखले म्हणून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्या तर अंगाचा रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. शेजारच्या काकांची गोळी मदत म्हणून देण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर आपण कोणत्या गोळ्या घेतो ते आधी दाखवावे. आणि ही औषधे आपल्या मनाने सुरू करू नयेत, तशी एकाएकी बंदही करू नयेत.

नवविवाहित भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. फुफ्फुसांतला दाब बराच वाढलेला असताना गरोदर राहणे आईच्या जिवाला फार धोक्याचे असते. बोसेंटानसारखी काही औषधे पोटातील बाळाला इजा करतात. म्हणून दिवस जाण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलावे. सासू-सासऱ्यांनी वंशाच्या दिव्याचा आग्रह धरू नये. घरात आलेली लेक जिवंत राहणे पहिले.

पैशाचे आणि कागदाचे

हातावर पोट असणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. तो रास्तही आहे. काही गोष्टी माहीत असल्या तर ओझे हलके होते.

एक, शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाकडून मुलाची तपासणी चुकवू नका. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात हृदयदोषावर मोफत उपचाराची सोय आहे. बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, वजन धरत नसेल, सारखा न्यूमोनिया होत असेल, तर पथकाची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

दोन, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे, यादीतले उपचार मिळतात. झडपेचे व छिद्राचे ऑपरेशन अशा योजनांतून होते. रेशन कार्ड व आधार कार्डावरील नावे जुळतात का, ते आजच पाहा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नावातल्या एका अक्षरासाठी धावपळ नको. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आधी त्याला भेटा.

तीन, सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा सास्तूरच्या ग्रामीण रुग्णालयापासून करावी. पुढे धाराशिव, लातूर किंवा सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी घ्यावी. तातडीच्या वेळी १०८ क्रमांक लावावा.

चार, एक साधी फाईल करावी. प्रत्येक इकोचा रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावा आणि त्यातला दाबाचा आकडा वहीत उतरवावा. रोज सकाळी वजन लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अन्न नसते, साचलेले पाणी असते. डॉक्टर बदलले तरी फाईल बदलत नाही. कारखान्यावर जाताना ती सोबत न्यावी.

चूल बदलली पाहिजे

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. परंतु पुढची टाकी भरायला पैसे नाहीत म्हणून शेगडीवर कापड टाकून पुन्हा चूल पेटलेली घरे आपण सर्वजण पाहतो. ऊसतोडीच्या कोपीत तर तीन दगडांची चूलच असते. पुरुष तंबाखू-गुटख्याला महिन्याला किती देतो आणि टाकीला किती लागतात, याचा हिशेब नवरा-बायकोने एकदा मिळून मांडावा. टाकी खरोखरच परवडत नसेल, तर चूल खोलीबाहेर पडवीत आणावी, भिंतीत वर झरोका पाडावा, धुराडे बसवावे, सरपण वाळवून वापरावे आणि स्वयंपाकाच्या वेळी लेकरांना बाहेर ठेवावे. याला फार खर्च लागत नाही.

महिला मंडळांनी पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. गावातल्या आशाताईला बोलवावे. ज्या बायका चढावर थांबतात, ज्यांच्या पायावर संध्याकाळी सूज येते, त्यांची नावे लिहून घ्यावीत आणि एका दिवशी सर्वांना मिळून तपासणीला न्यावे. एकटीला सुट्टी मिळत नाही. दहा जणी निघाल्या तर कुणी अडवत नाही.

ज्या आईने धुरात डोळे पुसत आपल्याला भाकरी करून घातली, ती चार पावलांवर थांबून उंबऱ्याला टेकते, तेव्हा ‘वय झालं’ म्हणून पुढे जाऊ नका. तिला विचारा, किती दिवसांपासून दम लागतो? आणि तिला घेऊन तपासणीला जा.